व्हीचं नवं नाताळ गाणं: नाशिकच्या आर्मीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीटीएस या कोरियन पॉप बँडमधल्या व्हीचं, म्हणजे किम तेह्युंगचं, नाताळचं गाणं ६ डिसेंबर २०२४ ला आलं आणि आमच्या छोट्या ग्रुपच्या (आम्ही बीटीएसचे चाहते, चाहत्यांना ‘आर्मी’ म्हणतात) इनबॉक्सचा दिवाळीतला मेनरोड झाला. निम्मे प्रश्न शाळा-कॉलेजातल्या मुलींचे, निम्मे त्यांच्या आईबाबांचे. तेच तेच उत्तर चाळीस वेळा टाइप करून बोटं दुखली, म्हणून हे सगळं एकत्र लिहून ठेवते आहे. आधी इथे शोधा, नाही सापडलं तर मग मेसेज करा.

१. नक्की कुठलं गाणं? ‘नवं’ म्हणताय, पण माझ्या वडिलांना ते आधीपासून पाठ आहे.

वडील बरोबर आहेत. गाण्याचं नाव ‘व्हाइट ख्रिसमस’. शब्द आणि चाल अमेरिकन गीतकार-संगीतकार आयर्विंग बर्लिन यांची. बिंग क्रॉस्बी यांनी ते २९ मे १९४२ ला रेकॉर्ड केलं, त्याच वर्षी ‘हॉलिडे इन’ या चित्रपटात ते आलं आणि त्याला ऑस्करही मिळालं. गिनीजच्या अंदाजानुसार जगात सगळ्यात जास्त खपलेली सिंगल हीच, पाच कोटींहून जास्त प्रती. नवं आहे ते इतकंच, की २०२४ च्या आवृत्तीत क्रॉस्बींच्या जुन्या आवाजाला व्हीच्या आवाजाची जोड मिळाली आहे. इतकंच, पण आमच्यासाठी ते भरपूर आहे.

२. गाणी शुक्रवारीच का येतात? आणि पुढच्या वेळी किती वाजता उठून बसायचं?

१० जुलै २०१५ पासून जगभरातल्या रेकॉर्ड कंपन्यांनी नव्या संगीतासाठी शुक्रवार ठरवून घेतला आहे. चार्टचा, म्हणजे गाण्यांच्या क्रमवारीचा, आठवडाही शुक्रवार ते गुरुवार मोजतात, त्यामुळे शुक्रवारी आलेल्या गाण्याला पूर्ण सात दिवस मिळतात.

उठून बसायची गरज नसते. कोरियन कलाकारांची जागतिक बाजारासाठीची गाणी बरेचदा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीला धरून सोडतात. हिवाळ्यात ती वेळ म्हणजे सोलमध्ये दुपारचे दोन आणि आपल्याकडे सकाळचे साडेदहा. उन्हाळ्यात अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा आपले साडेनऊ. पोरी पहाटे चारला अलार्म लावून झोपतात आणि नेमक्या साडेदहाला लेक्चरमध्ये पेंगतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या वेळी शुक्रवार ६ डिसेंबरला आला. महापरिनिर्वाण दिनामुळे ग्रुपमधल्या बऱ्याच जणी घरच्यांबरोबर दादरला चैत्यभूमीवर होत्या. त्यांनी गाणं परतीच्या गाडीत, रात्री उशिरा, एकच इअरफोन दोघींत वाटून ऐकलं. ‘पहिल्या तासात ऐकलं नाही तर खरी फॅन नाही’ असं त्यांना ऐकवणाऱ्या व्यक्तीला ग्रुपमधून काढलं आहे. त्याबद्दल पुन्हा विचारू नका.

३. व्ही तर तेव्हा सैन्यात होता ना? मग गाणं कसं आलं?

होता. ११ डिसेंबर २०२३ ला तो भरती झाला. कोरियन लष्करात सक्तीची सेवा साधारण अठरा महिन्यांची, म्हणजे सुटका जून २०२५ मध्ये झाली. गाणं आलं तोवर बँडमधले जिन १२ जून २०२४ ला आणि जे-होप १७ ऑक्टोबर २०२४ ला परत आले होते, बाकीचे अजून आत होते. सेवेत असताना नवं काम करत बसता येत नाही, पण तयार असलेलं काम कंपनी बाहेर काढू शकते. एकट्या व्हीच्या बाबतीत बोलायचं तर २९ नोव्हेंबर २०२४ ला पार्क ह्यो-शिनबरोबरचं ‘विंटर अहेड’ आलं आणि आठवड्यातच हे.

एक गोष्ट मात्र मला सारखी आठवत राहते. दुसऱ्या महायुद्धात घरापासून हजारो मैल लांब असलेल्या अमेरिकन सैनिकांनी लष्करी रेडिओकडे याच गाण्याच्या फर्माइशींचा पाऊस पाडला होता. गाण्यात युद्धाचं नावसुद्धा नाही, फक्त घरच्या नाताळची आठवण आहे. आणि ऐंशी-बयाऐंशी वर्षांनी, २०२४ मध्ये, ते गाणाऱ्या दोघांपैकी एक जण स्वतःच बराकीत होता. कंपनीने हे मुद्दाम जुळवलं की आपोआप जुळलं, माहीत नाही, पण मी ऐकताना दर वेळी तिथेच अडकते.

४. तो सैन्यात असताना युनिटच्या पत्त्यावर ग्रीटिंग कार्ड पाठवलं असतं तर चाललं असतं का?

नाही. पत्रं आणि भेटी पाठवू नका, असं कंपनीने भरतीच्या वेळीच सांगितलं होतं. एकाच दिवशी पोत्यांनी टपाल आलं असतं तर त्रास त्याच्यासोबतच्या मुलांना झाला असता. वीव्हर्सवर, म्हणजे चाहते जिथे कलाकारांना लिहितात त्या ॲपवर, लिहा. कोरियन सैनिकांना कामाची वेळ संपल्यावर मोबाइल वापरता येतो.

५. हे बिंग क्रॉस्बी कोण? कुठे असतात?

१४ ऑक्टोबर १९७७ ला वारले. त्यांच्या आधीचे गायक नाटकाच्या थिएटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून जोर लावून गात. मायक्रोफोन आला आणि कानाशी बोलल्यासारखं गाता येतं हे ज्यांनी आधी ओळखलं, त्यांतले हे एक. आपल्याकडचं समजायचं तर बालगंधर्वांची नाटकातली फेक आणि तलत महमूद यांचा माइकजवळचा कापरा स्वर, या दोन्हींतला फरक आठवा. क्रॉस्बींचा आवाज खर्जातला, बॅरिटोन. व्हीचाही तसाच. जोडी जुळायचं अर्धं कारण तिथेच आहे.

६. मेलेल्या माणसाबरोबर युगलगीत? म्हणजे एआयने बनवलेला आवाज आहे ना?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, आणि सगळ्यात जास्त रागाने विचारलेला. नाही. क्रॉस्बींचा आवाज त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणातला आहे, कोणी मशीनकडून नवा गाऊन घेतलेला नाही.

गोंधळ होतो कारण दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो. आवाज ‘बनवणं’ म्हणजे माणसाने कधी न गायलेली ओळ त्याच्या गळ्यात घालणं. आवाज ‘वेगळा काढणं’ म्हणजे तो जे गायला तेच, मागच्या वाद्यांपासून सोडवून घेणं. चाळीसच्या दशकात गायक आणि वाद्यवृंद एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर रेकॉर्ड होत. खिचडीतून तांदूळ आणि डाळ परत वेगळी करण्याइतकं ते अवघड होतं. आता त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, आणि त्यात मशीन लर्निंग असतं हे खरं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ आलं, त्यात जॉन लेननचा आवाज जुन्या कॅसेटमधून असाच सोडवला होता. व्हीच्या या गाण्यात स्टुडिओत काय काय केलं ते मी पाहिलेलं नाही, पण फरक कुठला ते लक्षात ठेवा.

गेलेल्या माणसाबरोबर गायची पद्धतही नवी नाही. नॅट किंग कोल १९६५ मध्ये गेले. त्यांची मुलगी नॅटली १९९१ मध्ये त्यांच्याबरोबर ‘अनफर्गेटेबल’ गायली. त्याआधीची एक गंमत खुद्द क्रॉस्बींचीच: सप्टेंबर १९७७ मध्ये ते डेव्हिड बोवीबरोबर नाताळचं गाणं गायले, आणि कार्यक्रम टीव्हीवर दिसला तोवर ते या जगात नव्हते. पिढ्यांचं अंतर असलेल्या गायकाबरोबर नाताळ साजरा करायची त्यांना सवयच होती म्हणायची.

तरीही कोणाला हे खटकत असेल तर खटकू द्या. गेलेल्या माणसाला विचारता येत नाही, वारसांनाच विचारावं लागतं, हा मुद्दा खरा आहे. माझं मत बाजूने आहे, ग्रुपमधल्या दोघींचं नाही. आम्ही अजून एकत्र मिसळ खातो.

७. पण मी मूळ म्हणून जे ऐकते ते १९४२ चंच ना?

बहुधा नाही. इतक्या प्रती काढल्या की १९४२ ची मूळ मास्टर तबकडीच झिजली. म्हणून क्रॉस्बींनी १९४७ मध्ये तेच गाणं, शक्य तितकं जसंच्या तसं, पुन्हा रेकॉर्ड केलं. रेडिओवर आणि नाताळच्या प्लेलिस्टमध्ये साधारणपणे वाजतं ते हे १९४७ चं.

८. नाशकात बर्फ पडत नाही. आपण ‘पांढऱ्या नाताळची’ स्वप्नं बघणं जरा हास्यास्पद नाही का?

हा प्रश्न एका काकांचा. त्यांनी पुढे हसण्याच्या तीन इमोजी टाकल्या होत्या.

काका, गाण्याची मूळ सुरुवात बहुतेक गायक गाळूनच टाकतात. बर्लिन यांनी लिहिलेल्या त्या पहिल्या कडव्यात माणूस लॉस एंजेलिसच्या बेव्हर्ली हिल्समध्ये बसलेला आहे. ऊन पडलंय, संत्र्याची आणि ताडाची झाडं आहेत, तारीख २४ डिसेंबर. म्हणजे जिथे बर्फ पडत नाही अशा ठिकाणी बसून केलेलं हे गाणं आहे. बर्फात राहणाऱ्याला बर्फाचं स्वप्न कशाला पडेल? तो सकाळी फावडं घेऊन दारातला बर्फ उपसत असतो. संत्र्याच्या जागी द्राक्षं घाला की पत्ता आपलाच.

शिवाय नाशिकचा डिसेंबर काही अगदीच लेचापेचा नाही. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. माझे मामा तिकडचे. थंडी फार उतरली की मण्यांना तडे जातात, म्हणून रात्री बागेत जागोजागी शेकोट्या करून धूर धरतात. पहाटे तो धूर आणि धुकं वेलींवर एकत्र बसलेलं असतं, ते लांबून पांढरंच दिसतं. मामांना ते स्वप्न वाटत नाही, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक. बर्लिन ज्यू होते, रशियन साम्राज्यात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. नाताळ हा त्यांच्या घरचा धार्मिक सण नव्हता. त्यांचा तान्हा मुलगा १९२८ मध्ये नेमका २५ डिसेंबरला गेला. हे कळल्यावर गाणं वेगळं ऐकू येतं. प्रश्न ११ विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

९. मी सिडकोत बसून ऐकलं ते चार्टमध्ये मोजतात का?

बिलबोर्ड हॉट १०० मध्ये नाही, तो चार्ट फक्त अमेरिकेतल्या ऐकण्या-विक्रीवर बनतो. सप्टेंबर २०२० पासून ‘ग्लोबल २००’ हा चार्ट आहे, त्यात भारतातलं ऐकणं मोजलं जातं. स्पॉटिफायवर गाणं किमान तीस सेकंद वाजल्याशिवाय मोजत नाहीत, आणि पैसे भरलेल्या खात्याचं ऐकणं चार्टमध्ये फुकटच्या खात्यापेक्षा जड धरतात.

नाताळच्या गाण्यांचं एक वेगळं आहे: दर डिसेंबरला ती परत येतात. मरायह कॅरीचं ‘ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू’ १९९४ चं, आणि हॉट १०० वर पहिला नंबर मिळाला डिसेंबर २०१९ मध्ये, पंचवीस वर्षांनी. ‘व्हॅम’चं ‘लास्ट ख्रिसमस’ १९८४ चं, ब्रिटनमध्ये ते पहिल्यांदा एक नंबरवर गेलं जानेवारी २०२१ ला. तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या आकड्यावरून रडारड नको. या गाण्यांचं आयुष्य द्राक्षवेलीसारखं आहे, छाटणी झाली की पुन्हा फुटतात.

१०. रात्रभर आवाज बंद करून लूप लावला तर?

फोन तापेल. एकाच खात्यावरून यंत्रासारखं चालणारं ऐकणं गाळून टाकलं जातं. झोपा.

११. आम्ही ख्रिश्चन नाही. आजी विचारते, हे आपलं आहे का?

आजींना विचारा, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली आहेत का. बहुतेक वाचलेली असतात. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, इथल्याच, गोदाकाठच्या जलालपूरचा. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे त्याही झाल्या, आणि टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केलं. टिळकांची मराठी भजनं आजही चर्चमध्ये पेटी-तबल्यावर म्हणतात. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण ते शरणपूर म्हणजे एकोणिसाव्या शतकातली मिशनची वस्ती होती, हे विसरतो. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे शिकवत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या डॉ. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता आणि १८७४ मध्ये त्यांच्या शवपेटीबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला.

तेव्हा नाताळ नाशकात काल-परवा आलेला नाही. मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ होतो आणि तो आमच्याकडेही येतो. गाणं ऐकायला कोणाचा धर्म विचारत नाहीत. बर्लिन यांचाही कोणी विचारला नाही.

१२. मग २४ तारखेच्या रात्री चर्चमध्ये हे गाणं वाजवायची विनंती करता येईल का?

करू नका. हे सणाचं गाणं आहे, उपासनेचं नाही. त्यात येशूजन्माचा उल्लेख नाही. त्र्यंबक नाक्याजवळचं होली क्रॉस चर्च असो किंवा शरणपूरचं संत आंद्रिया, तिथे गव्हाण बघायला, कॅरल ऐकायला जरूर जा, बाहेरच्यांचं स्वागतच होतं. मिस्सा चालू असताना व्हिडिओ काढू नका आणि कॉन्सर्टमध्ये हलवायची जांभळी लाइटस्टिक घरी ठेवा. गेल्या वर्षी एकीने नेली होती. ती मीच.

१३. सोसायटीच्या गॅदरिंगला किंवा कॅफेत वाजवलं तर परवानगी लागते?

घरी दहा जणी जमून ऐकलं तर काहीच लागत नाही. कॅफे, हॉटेल, तिकीट लावलेला कार्यक्रम असेल तर परवाना लागतो, आणि तो जागेच्या मालकाने किंवा आयोजकाने काढायचा असतो: शब्द-चालीसाठी वेगळा, ध्वनिमुद्रणासाठी वेगळा. कॉपीराइट कायद्यातली धार्मिक विधींसाठीची सूट खऱ्या धार्मिक विधीला आहे. ‘नाताळ म्हणजे धार्मिकच ना’ असं म्हणून थर्टी फर्स्टच्या पार्टीला ती लावता येत नाही. गाणं १९४२ चं म्हणजे फुकट झालं असंही समजू नका. बर्लिन १०१ वर्षं जगले, १९८९ मध्ये गेले. आणि व्हीची आवृत्ती तर कालची आहे.

१४. किती वाजेपर्यंत वाजवायचं?

लाउडस्पीकर रात्री दहापर्यंत. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट असते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, यादी बघून घ्या.

१५. रील टाकली, आवाजच गायब झाला.

ॲपच्या स्वतःच्या संगीत यादीतून गाणं निवडा, बाहेरून फाइल चिकटवू नका. दुकानाचं किंवा क्लासचं बिझनेस खातं असेल तर ती यादीही तोकडीच दिसते. तो बिघाड नाही.

१६. फोटोकार्ड, रेकॉर्ड वगैरे नाशकात कुठे मिळेल?

ऑनलाइन, अधिकृत दुकानातून. ‘ग्रुप ऑर्डर’ घेणाऱ्या अनोळखी खात्याला आगाऊ पैसे पाठवू नका. मी चौदाशे रुपये पाठवले होते, दोन महिने ‘कस्टममध्ये अडकलंय ताई’ ऐकलं, मग खातंच नाहीसं झालं. आता माझी पद्धत अशी: आधी विकलेल्या मालाची दोन खरी माणसं दाखव, त्यांच्याशी मी स्वतः बोलते, मगच पैसे. कॉलेज रोडला चिकट कागदावर छापलेली कार्डं दहा-दहा रुपयांना मिळतात. वहीवर लावायला छान आहेत, फक्त ती खरी म्हणून कोणाला विकू नका.

१७. त्याची आणखी हिवाळ्याची गाणी कोणती?

२०२० च्या नाताळातलं ‘स्नो फ्लॉवर’, आणि २०२१ मध्ये ‘अवर बिलव्हेड समर’ या मालिकेसाठी गायलेलं ‘ख्रिसमस ट्री’. मालिकेचं नाव उन्हाळ्याचं, गाणं नाताळचं, त्यामुळे शोधताना लोक गोंधळतात. ‘विंटर अहेड’चं प्रश्न ३ मध्ये आलंच आहे. आणि ३० डिसेंबरला त्याचा वाढदिवस, २०२४ मध्ये एकोणतिसावा. कॅफेत भेटायचं ठरतंय, केक आपापला.

१८. मला हे पेटीवर बसवायचंय. सोपं आहे का?

ऐकायला सोपं, बसवायला फसवं. पहिल्याच ओळीत सूर शेजारच्या पट्ट्यांवरून सरकत जातात: दोन्ही गंधार, दोन्ही मध्यम. शास्त्रीय शिकलेल्या मुली इथे राग शोधायला लागतात आणि हरवतात. शोधू नका. हळू, अर्ध्या स्वराने सरकल्यासारखं वाजवा आणि मुरकी घेऊ नका. क्रॉस्बी घेत नाहीत.

१९. याचं मराठी रूपांतर करून यूट्यूबवर टाकू का?

भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराचा असतो, त्यामुळे टाकू नका. घरी खुशाल करा. आम्ही करून पाहिलं. ‘पांढरा नाताळ’ म्हटलं की भिंतीला चुना लावल्यासारखं वाटतं, ‘शुभ्र नाताळ’ म्हटलं की कपड्यांच्या पावडरची जाहिरात. शेवटी ‘धुक्याचा नाताळ’वर तडजोड झाली, पण ते चालीत बसत नाही. सूचना स्वीकारल्या जातील.

२०. मी ६८ वर्षांची आहे. तो मुलगा कोण मला माहीत नाही, पण आमच्या ह्यांनी घेतलेली क्रॉस्बींची जुनी तबकडी घरी आहे. तुमच्या ३० तारखेच्या कार्यक्रमाला आलं तर चालेल का?

काकू, चालेल म्हणजे काय, याच. फक्त तबकडीवर ७८ (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे) लिहिलं आहे का ते बघून कळवा. आताचे बरेचसे प्लेअर ३३ आणि ४५ च्याच वेगाचे असतात, आणि ७८ च्या तबकडीला जाड टोकाची सुई लागते, नाहीतर खोबणी खराब होईल. तुमच्याकडे जुना ग्रामोफोन चालू असेल तर उत्तम. आणायला दोन मुली आणि एक रिक्षा पाठवते. नसेल तर नुसती तबकडी आणा, आम्हाला हातात धरून बघायची आहे.